अनुभव धागा: हा खर्च कोणी ठरवला, असे विचारल्यावर काय झाले?

मुंबई आणि पुणे महानगरपालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढचे मतदान थेट जानेवारी २०२६ मध्ये झाले. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घ्यावी असे राज्यघटनेचा अनुच्छेद २४३ यू सांगतो, तरीही मधली जवळपास चार वर्षे हजारो कोटींचे अर्थसंकल्प प्रशासकांच्या सहीनेच मंजूर होत राहिले. राज्याच्या पातळीवर सभागृह आहे. तिथे जुलै २०२४ मध्ये ९४,८८९ कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या (अर्थसंकल्पानंतर मागितलेला जादा निधी) मांडल्या गेल्या आणि २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ४५,८९१ कोटींची महसुली तूट दाखवली गेली. या आकड्यांवर चर्चा पुष्कळ होते. येथे मात्र आपल्या गल्लीतला किंवा गावातला एखादा खर्च लिहावा: तो अनाठायी का वाटला, कोणाला विचारले आणि काय उत्तर मिळाले. पक्षांची उणीदुणी कृपया नकोत.

निवृत्त लेखापाल, एका महानगराचे उपनगर

आमच्या रस्त्यावरचा पदपथ सुस्थितीत होता. फेब्रुवारीत त्यावरचे पेव्हर ब्लॉक उखडले गेले आणि मार्चअखेरीस तसेच, फक्त रंगाने वेगळे, ब्लॉक पुन्हा बसवले गेले. आयुष्यभर देयके तपासल्यामुळे मला राहवले नाही. १० रुपयांचे तिकीट लावून मी माहिती अधिकारात तीन गोष्टी मागितल्या: आधीच्या कामाचा दोषदायित्व कालावधी (ज्या मुदतीत बिघाड ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो) संपला होता का, नव्या कामाची गरज कोणत्या पाहणीतून ठरली, आणि झालेल्या कामाची मापे नोंदवणाऱ्या मोजमाप पुस्तकाची प्रत. ३० दिवस उलटल्यावर ‘माहिती विस्तृत स्वरूपाची असल्याने समक्ष येऊन अभिलेख पाहावेत’ असे पत्र आले. हे उत्तर टाळाटाळीचे मानले जाते, परंतु माझ्या ते पथ्यावरच पडले. (स्थानिक संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असा शासनाचा आदेश २०१८ पासून आहे. त्याचा लाभ घेणारे फार थोडे.)

फाइलीत दिसले ते असे: मूळ तरतूद पावसाळी गटाराची होती, वर्ष संपत आल्यावर ती वर्गीकरणाने, म्हणजे एका कामाचा निधी दुसऱ्या कामाला देऊन, पदपथाकडे वळवण्यात आली, आणि आधीच्या कामाचा दोषदायित्व कालावधी अजून शिल्लक होता. म्हणजे पदपथ खरोखर खचला असता, तरी तो जुन्या ठेकेदाराकडून विनामूल्य दुरुस्त करून घेता आला असता. वर्गीकरणाचे कारण म्हणून ‘स्थानिक मागणीनुसार’ एवढेच लिहिलेले होते. ही मागणी कोणाची, याचा शोध घेताना माझी खरी दमछाक झाली. नगरसेवक त्या काळात नव्हतेच. आमदारांच्या कार्यालयाने हा विषय पालिकेचा असल्याचे सांगितले. पालिकेतल्या अभियंत्यांनी मागणी आमदारांकडूनच आल्याचे तोंडी सुचवले. लिहून द्यायला दोघेही तयार नव्हते. त्या पावसाळ्यात गटार तुंबले.

शेतकरी, मराठवाडा

गावात लोकप्रतिनिधी हाकेच्या अंतरावर असतो, असे शहरातल्या मंडळींना वाटते. ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते. ती न झाल्यास सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, त्यामुळे आमच्याकडे पहिली सभा तहकूब करण्यासाठीच बोलावली जाते, असे म्हटले तरी चालेल. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता. साहजिकच उरलेल्या अबंधित निधीवर सर्वांचा डोळा. त्यातून देवळासमोर व्यायामाची साधने बसली. दिवसभर शेतात राबणाऱ्या माणसांना व्यायाम हवा आहे हे कोणाला सुचले, असे मी सभेत विचारले. सरपंचबाई समोर बसल्या होत्या. उत्तर त्यांच्या यजमानांनी दिले, की ठराव सर्वानुमते मंजूर आहे. नंतर वही पाहिली. उपस्थितीच्या कोऱ्या पानावर आधी सह्या घ्यायच्या आणि ठराव मागाहून लिहायचा, ही आमच्याकडची रीतच आहे.

गृहिणी, विदर्भातले तालुक्याचे गाव

उधळपट्टीचा विषय निघाला की पहिले बोट लाडकी बहीण योजनेकडे जाते, म्हणून लिहिते. जुलै २०२४ पासूनचे दरमहा १,५०० रुपये मला मिळाले आणि ते माझ्या नावावरच्या खात्यात आले, याचे मोल मला ठाऊक आहे. माझी तक्रार दुसरीच आहे. निवडणुकीपूर्वी अर्ज सरसकट मंजूर झाले, २,१०० रुपयांचे आश्वासनही मिळाले, आणि पडताळणी मात्र मतदान झाल्यानंतर सुरू झाली. माझ्या जाऊबाईंचे पैसे मध्येच थांबले. अर्ज भरून घ्यायला घरी आलेले कार्यकर्ते आता अंगणवाडी ताईंकडे बोट दाखवतात, आणि त्यांच्याकडेही यादीपलीकडे काही नसते. अपात्रांना पैसे देणे हा अपव्यय असेल, तर तो आम्ही केलेला नाही.

लहान ठेकेदार, पश्चिम महाराष्ट्र

पाणीयोजनेचे काम पूर्ण करून बराच काळ लोटला, देयक मिळालेले नाही. तरतुदीपेक्षा कितीतरी अधिक कामांना मंजुरी देऊन नारळ फोडायचे आणि पैशाची सोय पुढच्या पुरवणी मागणीवर सोडायची, याचा भार अखेर पाइपच्या दुकानदाराची उधारी आणि मजुरांची पगारी या रूपाने आमच्यासारख्यांवर येतो. भूमिपूजनाच्या फलकावर ज्यांची नावे होती, त्यांचे स्वीय सहायक ‘साहेब मुंबईला आहेत’ असे सांगतात. अधिवेशन नसतानाही.

माजी नगरसेवक, मध्यम आकाराचे शहर

वरचे सारे वाचले आणि बरेचसे खरे आहे. माझाही अनुभव नोंदवतो. माझ्या कार्यालयात येणाऱ्यांमध्ये शाळाप्रवेशाची चिठ्ठी, रुग्णालयाच्या बिलातली सवलत आणि लग्नाची पत्रिका घेऊन येणारे असंख्य होते; अंदाजपत्रकाचे पुस्तक मागणारा कधी आला नाही. गटार जमिनीखाली असते, पदपथावर मात्र नावाची पाटी लावता येते आणि मतेही तिलाच पडतात, हे प्रत्येक उमेदवाराला अनुभवाने कळते. वर्गीकरणाचे प्रस्ताव आमच्या सभेत गठ्ठ्याने येत आणि वाचून होण्याआधी मंजूर होत. विरोध केल्यास आपल्या प्रभागाचा प्रस्ताव अडतो, म्हणून सर्वपक्षीय एकमत असे.

निवृत्त लेखापाल, एका महानगराचे उपनगर

माजी नगरसेवक महोदय, पुस्तक मागणारा आला नाही म्हणता, तर ते मागायला मी आमच्या नव्या नगरसेवकांकडे जाऊन आलो. त्यांनी आस्थेने बसवले, चहा दिला. पुस्तक त्यांच्याकडेही नव्हते.