‘हिमस्खलन’, ‘हिमकडा’ की ‘दरड’?

प्रश्न (कराड): उत्तराखंडातल्या चमोलीच्या दुर्घटनेवर शाळेतल्या मुलांसाठी टिपण लिहितोय. कुठे ‘हिमकडा कोसळला’, कुठे ‘हिमस्खलन’, तर कुठे ‘हिमनदी फुटली’ असं वाचलं. तिन्हींचा अर्थ एकच का?

उत्तर (पाटण): नाही, सर. हिमस्खलन म्हणजे उतारावर साठलेलं बर्फ सुटून घसरणं. बहुतेक वेळा 30 ते 45 अंशांच्या उतारावर. तपासाला जाणारे आधी वरची खूण शोधतात. भुसभुशीत बर्फ एका बिंदूपासून सुटतं आणि खाली पसरत जातं. घट्ट थर सुटला असेल, तर माथ्याशी आडवी, सरळ तुटलेली कड उभी राहते. त्या कडेला खड्डा खणून थर बघतात. पुष्कळदा तळाशी साखरेसारख्या सुट्या दाण्यांचा थर सापडतो. वरचं ओझं त्याला पेललेलं नसतं.

चमोलीत 7 फेब्रुवारी 2021 रोजी यातलं काही झालं नाही. उपग्रहचित्रांवरून दिसलं ते असं, की रोंटी शिखराच्या अंगचा खडकच बर्फासकट तुटला. सुमारे 2 कोटी 70 लाख घनमीटर, त्यात चार हिस्से खडक आणि एक हिस्सा बर्फ! पडता पडता घर्षणाने बर्फ वितळलं आणि ऋषिगंगेतून चिखलाचा लोंढा सुटला. ‘हिमनदी फुटली’ हे तर साफ चूक. मी ‘बर्फासह खडककडा कोसळला’ असंच लिहीन. लांबतं, पण मुलांना खरं कळतं.

प्रश्न (वाई): मग सरळ ‘दरड’ का नको?

उत्तर (पाटण): चमोलीला चालेल, आकार मात्र कळणार नाही. दरड म्हटलं की आपल्याला घाटरस्त्यावर आलेले दगड आठवतात. जुलै 2021 मध्ये आमच्या तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे घरं गाडली गेली, तेव्हाही ‘दरड’च छापून आलं. अख्खा उतार पावसाने भिजून माती-दगडांसह वाहत आला होता. ‘डोंगर खाली आला’ हे बोलणं त्याला जास्त शोभतं.

प्रतिसाद (दहिवडी): सियाचीनचंही सांगा. 3 फेब्रुवारी 2016 ला सोनम चौकीवरचे दहा जवान गाडले गेले, त्यात आमच्या माणमधल्या मस्करवाडीचा एक होता. इथे सगळे ‘हिमस्खलन’ म्हणतात.

उत्तर (पाटण): तिथे बर्फाची भिंतच तुटून चौकीवर आली होती, दादा. ‘हिमकडा कोसळला’ हा शब्द खरा तिथला.