विषय: उत्तर: भाच्याचा पगार थकलाय, तक्रार कुठे करायची?

नमस्कार मंडळी,
भाचा इथे पर्थमध्ये शिकतो, शनिवार-रविवार एका रेस्टॉरंटमध्ये किचनहँड. पगार रोख, पेस्लिप नाही, आणि गेल्या महिन्याचे पैसे मालक देतच नाही. मागितले की म्हणतो, "तुझा व्हिसाच कॅन्सल करायला लावतो." फेअर वर्ककडे (इथलं केंद्र सरकारचं कामगार-हक्क खातं) जाऊ का? आपल्याकडच्या लेबर ऑफिसरसारखंच असतं का ते?
— सु., कॅनिंग व्हेल

सु.ताई,
आधी व्हिसाचं. तो रद्द करायचा अधिकार गृहखात्याला, मालकाला नाही. विद्यार्थी व्हिसावर कामाची पंधरवड्याला ४८ तासांची मर्यादा ओलांडली असली तरी फेअर वर्क ऑम्बड्समनची (म्हणजे त्याच फेअर वर्क खात्याची) मदत घेऊन पुढे नियम पाळले, तर सहसा व्हिसा रद्द करत नाहीत. पोराला हे आधी सांगा, त्याचा जीव भांड्यात पडेल.

पण पर्थमध्ये एक ग्यानबाची मेख आहे. इतर राज्यांनी खासगी नोकऱ्यांचा कारभार केंद्राकडे सोपवला, आपल्या वेस्टर्न ऑस्ट्रेलियाने नाही. म्हणून धंदा 'पीटीवाय लिमिटेड', म्हणजे कंपनी असेल तर फेअर वर्क. एकट्याच्या नावावर किंवा भागीदारीत असेल तर राज्याचं औद्योगिक संबंध पाहणारं खातं. पेस्लिप नाही ना? मग तिथल्या बिलावरचा अकरा आकडी एबीएन (धंद्याचा सरकारी नोंदणी क्रमांक) घ्या आणि 'एबीएन लुकअप' या वेबसाइटवर टाका. मालकीचा प्रकार तिथे दिसतो.

लेबर ऑफिसरचं म्हणाल तर थोडंफार तसंच. आपल्याकडे सरकारी कामगार अधिकारी दोघांना समोर बसवून समेट घडवायला बघतात, इथेही "आधी मालकाशी बोललात का?" हाच पहिला प्रश्न. हे खातं आपला वकील नव्हे, हे लोक विसरतात आणि मग मंडळात येऊन चिडतात. रोस्टरचे (ड्यूटीच्या वेळापत्रकाचे) फोटो, मालकाचे मेसेज, कुठल्या दिवशी किती तास, सगळं आत्ताच गोळा करा. मालकाने रेकॉर्ड ठेवलेलंच नसेल तर तेच कामी येतं.
— वि., जूनडालप

वि.काका,
'फॅमिली पार्टनरशिप' निघालं! आणि पैसे मागितले म्हणून काल त्याला कामावरूनच काढलं.
— सु.

ताई,
मग पगारासाठी राज्याचं खातं. कामावरून काढल्याची तक्रार मात्र वेगळी, ती राज्याच्या औद्योगिक संबंध आयोगाकडे, २८ दिवसांच्या आत. (धंदा कंपनी असता तर केंद्राच्या फेअर वर्क कमिशनकडे जावं लागलं असतं, तिथे २१च दिवस मिळतात.) पगाराच्या मागे लागून ही मुदत घालवू नका. फॉर्म भरायला रविवारी या दोघं.
— वि.