महिनाअखेरीची वाचननोंद: रोमान्स आणि फँटसीला एकच तागडी नको

पानखूण (धागाकर्ती)

महिना संपला की वाचून झालेल्या कादंबऱ्यांचा आढावा लिहिण्याची पद्धत आता चांगली रुळली आहे. आठ-दहा पुस्तकं, प्रत्येकाखाली दोन-चार ओळी आणि पाचपैकी तारे. रोमान्स आणि फँटसी वाचणाऱ्यांच्या आढाव्यात हे दोन प्रकार शेजारीशेजारी बसतात आणि एकाच तागडीत तोलले जातात. माझं म्हणणं असं की या तागडीत खोटं वजन येतं.

रोमान्समध्ये शेवट गृहीतच असतो. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेने केलेली व्याख्या दोनच अटी घालते: प्रेमकथा मध्यवर्ती हवी आणि शेवट समाधान देणारा, आशादायी हवा. म्हणजे 'दोघं एकत्र येतात का' हा प्रश्नच उरत नाही. 'इतका वेळ का लागला' हा खरा प्रश्न. रोमान्सच्या अभ्यासक पामेला रेजिस यांनी २००३ साली रोमान्सचे आठ आवश्यक घटक मांडले. त्यातला 'अडथळा' हा घटक लंगडा असेल तर बाकी सात कितीही नटवले तरी कादंबरी उभी राहत नाही.

फँटसीत शेवट मोकळा असतो, पण तिथे आपण लेखकाच्या शब्दावर एक अख्खं जग खरं मानलेलं असतं. त्या जगाचे नियम लेखकाने स्वतः पाळले का, हे बघावं लागतं.

म्हणून नोंदी वेगळ्या ठेवाव्यात. रोमान्ससाठी: अडथळा एका वाक्यात, तो कितव्या प्रकरणात आणि कोणाच्या कृतीने हटला, आणि हटल्यावर किती पानं शिल्लक होती. फँटसीसाठी: जादूने काय होतं, काय होत नाही, वापरणाऱ्याला काय मोजावं लागतं, आणि शेवटचा पेच ज्या नियमाने सुटला तो नियम पहिल्यांदा कुठे दिसला. शेवटच्या दहाव्या हिश्श्यात पहिल्यांदा दिसला असेल, तर तो लेखकाने ऐनवेळी खिशातून काढलेला आहे.

हे सगळं पुस्तक संपल्यापासून २४ तासांत लिहावं, इतरांची मतं वाचण्याआधी. स्मरणशक्तीवर प्रयोग करणाऱ्या जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने १८८५ मध्येच दाखवलं होतं की सर्वांत जास्त विसरणं पहिल्या काही तासांत आणि दिवसांत होतं.

जागा नोंदवताना ई-बुकच्या टक्क्यांवर विसंबू नका. फँटसीच्या शेवटी शब्दसूची, वंशावळ, पुढच्या खंडाचं पहिलं प्रकरण असं बरंच काही जोडलेलं असतं, त्यामुळे गोष्ट ९० टक्क्यांच्या आसपासही संपू शकते. प्रकरणांच्या आकड्यावर मोजा.

तिसरी आवृत्ती

तीव्र असहमत. दोन तागड्या म्हणजे दोन पळवाटा. 'रोमान्सच्या मानाने बरी', 'फँटसी आहे म्हणून पात्रं पुठ्ठ्याची असली तरी चालतील' हे शेरे अशाच विचारातून येतात. दोघींना एकच प्रश्न विचारता येतो: पहिल्या पाव भागात पुस्तकाने वाचकाला कोणता शब्द दिला, आणि तो पाळला का? पहिल्या पन्नास पानांत सिंहासनाचा वाद सुरू केलात तर तो सोडवा. दोन अभिमानी माणसं समोरासमोर आणलीत तर अभिमान मोडताना दाखवा. वेगळं माप कशाला?

आणि एबिंगहाउसने निरर्थक अक्षरगट पाठ केले होते, तेही एकट्या स्वतःवरच प्रयोग करून. गोष्ट तशी विसरली जात नाही. नावं जातात, प्रसंग राहतो. तीन आठवड्यांनी जे डोक्यात उरतं तीच पुस्तकाची खरी कमाई. २४ तासांतली नोंद ही शेवटच्या प्रकरणाची नोंद असते. रोमान्समध्ये तर हमखास, कारण शेवट गोड असतो आणि त्या गोडीत मधली शंभर रटाळ पानं माफ होतात.

पानखूण

@तिसरी आवृत्ती, अक्षरगटांचा मुद्दा मान्य. पण महिनाअखेरीच्या चाळणीलाही भोक आहे. २ तारखेला संपलेलं पुस्तक चार आठवडे चाळलं जातं आणि २९ तारखेला संपलेलं दोन दिवस. दोघांचे तारे एकाच यादीत कसे लावणार?

तिसरी आवृत्ती

सोपं आहे. शेवटच्या सात दिवसांत संपलेली पुस्तकं पुढच्या महिन्याच्या आढाव्यात ढकलायची. म्हणजे प्रत्येकाला किमान एक आठवडा मिळतो. तुमच्या चार ताज्या ओळीही ठेवा, पण आकडा त्या दिवशी देऊ नका.

अनुक्रमणिका

हा तोडगा चांगला आहे. त्यात एक भर: वाचनाचा क्रमही लिहावा. आठशे पानांच्या युद्धकथेनंतर हातात घेतलेली अडीचशे पानांची हलकी प्रेमकथा एक तर जीवदान वाटते नाही तर पोकळ वाटते. दोन्हींत त्या प्रेमकथेचा काही संबंध नसतो. ऑडिओबुक असेल तर वेगही लिहा. १५ तासांचं पुस्तक दीडपट वेगाने ऐकलं की १० तासांत संपतं, आणि मग 'कथा कुठे रेंगाळत नाही' हा शेरा लेखकाच्या खात्यात जमा होऊ शकत नाही.

रिकामा समास

मूळ मुद्द्याकडे येतो. रोमान्समधला अडथळा खरा की खोटा हे तपासायची एक साधी कसोटी आहे: दहाव्या प्रकरणात दोघांना एका खोलीत बसवून पाच मिनिटं सरळ बोलू दिलं, तर कादंबरी संपते का? संपत असेल तर तो अडथळा नाही, गैरसमज आहे. अर्धवट कानावर पडलेलं संभाषण, न पोचलेलं पत्र, चुलत बहिणीला प्रेयसी समजणं. अशा पुस्तकाला दोनपेक्षा जास्त तारे देणारे आढावे वाचून कळत नाही की ते नक्की काय मोजतात.

अनुक्रमणिका

@रिकामा समास, कसोटी अर्धीच बरोबर आहे. जेन ऑस्टिनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' (१८१३) घ्या, सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण. ६१ प्रकरणं. नायक डार्सी नायिका एलिझाबेथला लग्नाची पहिली मागणी घालतो आणि ती नकार देते, ३४व्या प्रकरणात. ३५व्यात त्याचं पत्र येतं आणि विकहॅम या लष्करी अधिकाऱ्याबद्दलचा तिचा गैरसमज दूर होतो. तुमची पाच मिनिटं तिथे, निम्म्याच्या जरा पुढे, होऊन गेली. तरी दुसरी मागणी यायला ५८वं प्रकरण उजाडतं. मधली वीस-बावीस प्रकरणं कशात जातात? एलिझाबेथला स्वतःच्या पारखीची लाज वाटण्यात आणि डार्सीने कोणालाही न सांगता तिच्या बहिणीचं प्रकरण निस्तरण्यात. गैरसमज हा वरचा पापुद्रा होता, अडथळा खाली होता.

म्हणजे गैरसमज असणं हा दोष नाही. तो मिटल्यावर काहीच उरत नाही, हा दोष. आणि काही कादंबऱ्यांत ती पाच मिनिटं बोलता न येणं हाच अडथळा असतो: पदामुळे, भीतीमुळे, आधीच्या नात्यात बोलण्याची शिक्षा भोगल्यामुळे. तिथे तुमची कसोटी लावली तर चांगलं पुस्तक नापास होईल. पाहायचं एवढंच की न बोलण्याचं कारण पात्राच्या स्वभावात आधीपासून पेरलं आहे का. इतर सगळ्यांशी धडाधड बोलणारी नायिका फक्त नायकासमोर मुकी होत असेल, तर ते लेखकाच्या सोयीचं मौन.

रिकामा समास

'मिटल्यावर काय उरतं' ही सुधारणा घेतो. पाऊण भागानंतर येणारी ताटातूट याच मापाने मोजा मग. ८० टक्क्यांवर भांडण आणि ९० टक्क्यांवर समेट, आणि त्या भांडणाचं बीज आधी कुठेच नाही, असं असेल तर नोंदीत स्पष्ट लिहा. रेजिस यांच्या आठ घटकांत सगळं संपल्यासारखं वाटण्याचा क्षण आहे खरा, पण तो अडथळ्यातूनच यायला हवा. बाहेरून आणून डकवायचा नसतो.

धुकट नकाशा

फँटसीच्या नोंदीवर माझा आक्षेप आहे. 'काय होतं, काय होत नाही, काय मोजावं लागतं' हे माप फक्त काटेकोर नियमांच्या जादूला लागू पडतं. फँटसीलेखक ब्रँडन सँडरसन यांचा २००७च्या लेखातला नियम त्यामागे आहे: वाचकाला जादू जितकी समजली असेल तितक्याच प्रमाणात लेखक तिच्या आधारे पेच समाधानकारकपणे सोडवू शकतो. पण हा नियम पेच सोडवण्याबद्दल आहे. जादूने पेच निर्माण केला, भय किंवा विस्मय आणला, तर तिचे नियम उलगडायची गरज नाही. जुनं जंगल माणसं का गिळतं हे कळलं की ते जंगल लहान होतं. पानखूण यांचा तक्ता भरायला बसलं तर अशा पुस्तकासमोर तीन रकाने रिकामे राहतील आणि वाचणाऱ्याला वाटेल की लेखकाने काम केलं नाही.

पानखूण

@धुकट नकाशा, तुमचं बरोबर आहे. मग पहिला प्रश्न बदलते: शेवटचा पेच जादूने सुटला की माणसाच्या निर्णयाने? जादूने सुटला असेल तरच नियमांचा हिशेब मागायचा.

तिसरी आवृत्ती

बघा, म्हणजे फँटसीतही 'कोणाच्या कृतीने' हाच प्रश्न आला. एकच तागडी.

मालिकांचं काय करणार? मधल्या खंडाला तारे देणं मला पटत नाही. टॉल्किनची 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही फँटसी एकच सलग कादंबरी म्हणून लिहिली गेली, छापली तीन खंडांत. दुसरा खंड नोव्हेंबर १९५४ मध्ये आला, तो नायक फ्रोडो शत्रूच्या हाती सापडतो तिथे संपतो, आणि तिसरा आला ऑक्टोबर १९५५ मध्ये. त्या दुसऱ्या खंडाला 'शेवट अपुरा' म्हणून एक तारा कापणं योग्य झालं असतं का?

रिकामा समास

पण आजच्या बहुतेक मालिका तशा लिहिलेल्या नसतात. खंड म्हणून विकता तर खंडाला स्वतःचा एक प्रश्न आणि त्याचं उत्तर हवं, मोठा प्रश्न लोंबकळत राहिला तरी. विज्ञानकथा आणि फँटसीसाठीच्या ह्यूगो पुरस्कारांतही हा भेद आहे: कादंबरीसाठी किमान ४०,००० शब्द, आणि मालिकेसाठी वेगळा विभाग, किमान तीन खंड आणि २,४०,००० शब्द. नोंदीतही तसंच करा. खंडाची नोंद आता, मालिकेचा आकडा शेवटी.

अर्धवट सोडलेली पुस्तकंही आढाव्यात हवीत, ताऱ्यांशिवाय, पण कुठे आणि का सोडलं ते लिहून. नऊ सुरू केली, तीन सोडली आणि सहांची सरासरी ४.२ काढली, तर तो आकडा फुगलेला आहे. 'कंटाळा आला' हे कारण नव्हे. 'सहाव्या प्रकरणापर्यंत पाच निवेदक, आणि दोघांचा आवाज वेगळा ओळखता येत नाही' हे कारण.

अनुक्रमणिका

रहस्यफोडीबद्दल थोडक्यात. रोमान्समध्ये 'एकत्र येतात' सांगणं ही रहस्यफोड नाही, अडथळा कसा हटतो ते सांगणं आहे. दोन उमेदवार असतील तर निवड कोणाची हेही झाकावं. फँटसीत पहिल्या पाव भागापलीकडचं सगळं झाका. फसगत होते ती मालिकांत: पहिल्या खंडातला प्रियकर दुसऱ्या खंडात खलनायक निघतो, आणि दुसऱ्या खंडाच्या नोंदीतलं नायकाचं नावच पहिला खंड फोडतं. हिंसा, बळजबरी, मुलाचा मृत्यू यांची पूर्वसूचना मात्र कधीही झाकू नये. तिला रहस्यफोड म्हणता येत नाही.

धुकट नकाशा

आता खरी अडचण. या दोन प्रकारांची सरमिसळ नवी नाही. मराठीत 'मुक्तामाला' (१८६१) पासूनच्या पहिल्या कादंबऱ्यांना आपण 'अद्भुतरम्य' म्हणतो, त्या शब्दातच दोन्ही आलं. आज तर रोमँटसी (रोमान्स अधिक फँटसी) हा स्वतंत्र कप्पा झाला आहे. तिथे तुमच्या दोन तागड्या साफ फसतात.

शेकडो वर्षं जगणारा नायक आणि सत्तर-ऐंशी वर्षांचं आयुष्य असलेली नायिका घ्या. इथे जादूचा नियम हाच प्रेमातला अडथळा आहे. शेवटच्या दोन प्रकरणांत तिला अमरत्व भेट मिळतं, त्यासाठी कोणाचं काहीही जात नाही. रोमान्सच्या तागडीत शेवट गोड, पास. फँटसीच्या तागडीत जरा ढिलाई, एक तारा कमी. वस्तुतः पुस्तक मुळातच कोसळलेलं आहे, कारण चारशे पानं ज्या गोष्टीचं दुःख केलं ती फुकट सुटली. दोष दोन्हीकडे अर्धा अर्धा वाटला जातो आणि पुरा कुठेच दिसत नाही.

नियतीने बांधलेल्या जोडीचंही तेच. ते बंधन नाकारता येतं का? नाकारलं तर काय होतं? दोघांनाही ते सारखंच जाणवतं का? याची उत्तरं पहिल्या निम्म्यात नसतील तर प्रेमाची कबुली ही निवड राहत नाही, जादूची अंमलबजावणी होते. चांगले लेखक बंधन आधी घालतात आणि विश्वास फार उशिरा येऊ देतात. तेव्हा अडथळा उलटा होतो: 'हे मला वाटतंय की बंधन मला वाटायला लावतंय?' या प्रश्नात अख्खी कादंबरी मावते.

पानखूण

हे मान्य करावंच लागेल. निव्वळ रोमान्स आणि निव्वळ फँटसीसाठी माझ्या दोन नोंदी मी सोडत नाही. मिश्र पुस्तकासाठी एकच जोडओळ ठेवू: नियम, अडथळा, किंमत. एका कल्पित पुस्तकाची नोंद अशी दिसेल:

'४२ प्रकरणं. नियम (३रं प्रकरण): शापित माणसाला सूर्योदयाला मागच्या दिवसाची माणसं आठवत नाहीत. अडथळा: त्याला ती रोज अनोळखी, तिच्याजवळ मात्र दोनशे दिवसांची ओळख, म्हणजे ती बरोबरीची राहत नाही. किंमत (३९वं): शाप तोडताना ते दोनशे दिवस तिच्याही आठवणीतून जातात. नियम आधी दिला होता, किंमत नायिकेने मोजली, अडथळा त्याच कृतीने हटला. शेवटची तीन प्रकरणं दोघांची नवी ओळख. घाईत उरकली आहेत.'

तिसरी आवृत्ती

नमुना उत्तम आहे, आणि ही माझ्या मते एकच तागडी आहे, तुम्ही तिला जोडओळ म्हणा. मालिकेसाठी त्यात एक ओळ मोकळी सोडा: किंमत पुढे परत मिळाली का? मेलेला भाऊ तिसऱ्या खंडात जिवंत सापडतो, गमावलेली शक्ती दुसऱ्या खंडाच्या चौथ्या प्रकरणात परत येते, आणि पहिल्या खंडाच्या ज्या शेवटाला पाच तारे दिले तो मागाहून स्वस्त होतो. अशा वेळी जुन्या नोंदीखाली तारीख घालून दुरुस्ती लिहायची. जुना आकडा खोडायचा नाही, तो फक्त पहिला खंड वाचणाऱ्यासाठी अजून खराच असतो.