समर्थकांनी उभारलेला क्लब : एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टरचा इतिहास कसा समजून घ्यावा?

राखीव खेळाडू

इंग्लंडमधील खालच्या पातळ्यांवरील फुटबॉलविषयी काही दिवसांपासून वाचतो आहे आणि एका क्लबापाशी येऊन अडलो आहे. २००५ साली अमेरिकन उद्योगपती माल्कम ग्लेझर यांनी मँचेस्टर युनायटेड ताब्यात घेतल्यावर नाराज झालेल्या समर्थकांनी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा स्वतःचा क्लब काढला, इथपर्यंत कळले. मात्र मालक पटला नाही तर माणूस फार तर सामन्यांना जाणे सोडून देईल. शून्यातून क्लब उभारून तो थेट दहाव्या पातळीवर खेळवण्याचा खटाटोप कशासाठी? हा रागाच्या भरात घेतलेला निर्णय होता, की त्यामागे काही विचारपूर्वक केलेली व्यवस्था होती? शिवाय ‘नॉन-लीग’ म्हणजे निव्वळ हौशी फुटबॉल असे समजावे काय? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

मधली फळी

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यावाचून पुढचे नीट समजणार नाही. पहिल्या पातळीवरील प्रीमियर लीगचे २० आणि त्याखालच्या तीन विभागांतले, म्हणजे चौथ्या पातळीपर्यंतचे ७२ अशा ९२ क्लबांच्या खाली जे काही आहे, त्या सगळ्याला नॉन-लीग म्हणतात. ‘लीग’ याचा अर्थ येथे १८८८ साली स्थापन झालेली फुटबॉल लीग एवढाच घ्यायचा. पाचव्या पातळीवर पूर्णवेळ व्यावसायिक संघही आढळतात. जसजसे खाली जावे तसतसे दिवसा नोकरी आणि संध्याकाळी सराव करणारे खेळाडू दिसू लागतात. १९८७ पासून पाचव्या पातळीचा विजेता, मैदानाच्या अटी पूर्ण करीत असल्यास, थेट लीगमध्ये चढतो. त्याआधी मतदानाने प्रवेश मिळत असे आणि आधीपासून आत असलेले क्लब सहसा एकमेकांनाच सांभाळून घेत. म्हणजे दहाव्या पातळीवरून सुरुवात करणाऱ्याला निदान कागदोपत्री तरी वरपर्यंतचा रस्ता मोकळा असतो.

आता रागाविषयी. राग होता, पण तो मालक परदेशी असल्याचा नव्हता. सुमारे ७९ कोटी पौंडांच्या त्या व्यवहारातील मोठा हिस्सा कर्जाऊ होता आणि त्या कर्जाचा बोजा ज्या क्लबवर टाकण्यात आला, तो तोवर कर्जमुक्त होता. क्लब विकत घेण्याची किंमत क्लबच्याच कमाईतून, म्हणजे पर्यायाने तिकीट काढणाऱ्यांच्या खिशातून वसूल होणार, हे समर्थकांना खुपले. हीच मंडळी अशा लढ्यात मुरलेलीही होती. १९९८ साली बीस्कायबी या दूरचित्रवाणी कंपनीने क्लबसाठी ६२ कोटी ३० लाख पौंडांची बोली लावली, तेव्हा समर्थकांनी संघटित होऊन तिला विरोध केला आणि १९९९ मध्ये सरकारने तो व्यवहार रोखला. २००५ मध्ये मात्र भागधारकांनी समभाग विकले आणि अडवायला कोणी उरले नाही. बैठका घेण्याचा, निवेदने लिहिण्याचा, माणसे जोडण्याचा अनुभव मात्र हाताशी राहिला आणि माझ्या मते नवा क्लब उभा राहिला तो मुख्यतः याच अनुभवावर.

मे महिन्यात सभा झाल्या आणि जूनमध्ये सभासदांनी मतदानाने नाव ठरवले. नुसते ‘एफसी युनायटेड’ हे नाव फारच सर्वसाधारण असल्याचे सांगून फुटबॉल असोसिएशन (एफए) या इंग्लिश फुटबॉलच्या नियामक संस्थेने ते नाकारले होते, म्हणून ‘ऑफ मँचेस्टर’ जोडावे लागले. कार्ल मार्जिन्सन प्रशिक्षक झाले आणि १६ जुलै रोजी ली आरएमआय या क्लबविरुद्ध पहिला मैत्रीपूर्ण सामना झाला. तो ०-० असा बरोबरीत सुटला, तरी शिट्टी वाजताच समर्थक मैदानात धावत सुटले. एकही गोल न पाहिलेल्या गर्दीने असा जल्लोष करावा, याचे मला आजही कौतुक वाटते. पुढच्याच महिन्यात नॉर्थ वेस्ट काउंटीज लीगच्या दुसऱ्या विभागात लीक काउंटी स्कूल ओल्ड बॉइज या संघाला ५-२ असे हरवून क्लबची खरी वाटचाल सुरू झाली. ज्या पातळीवर शे-दोनशे प्रेक्षक म्हणजे बरी गर्दी, तिथे या क्लबच्या घरच्या सामन्यांना पहिल्या मोसमात सरासरी तीन हजारांहून अधिक माणसे येत होती. २००६, २००७ आणि २००८ अशी लागोपाठ तीन वर्षे संघाला बढती मिळाली.

आपण विचारलेली व्यवस्था क्लबच्या घटनेत, म्हणजे नियमावलीत सापडते. क्लब सहकारी धर्तीची, नफा न वाटणारी संस्था म्हणून नोंदला गेला. सभासद वर्गणी सुरुवातीला १२ पौंड होती. त्याहून कितीही अधिक रक्कम दिली तरी मत एकच. संचालक मंडळ सभासदांतून निवडले जाते आणि खेळाडूंच्या शर्टावर प्रायोजकाचे नाव छापायचे नाही, हे आरंभापासूनच ठरले. २००९ मध्ये तर हंगामी पासाची किमान रक्कम ९० पौंड ठेवून ‘त्यावर ज्याला जेवढे परवडेल तेवढे द्यावे’ अशी मुभा दिली गेली.

डावी बगल

वरील माहिती उत्तम आहे; तथापि वाचणाऱ्याचा असा समज होऊ नये की हा प्रकार मँचेस्टरात प्रथम घडला. २००१ साली लंडनच्या उत्तरेकडील एन्फिल्ड टाउन हा क्लब समर्थकांनी स्थापन केला आणि समर्थकांच्या मालकीचा ब्रिटनमधील पहिला क्लब म्हणून त्याचाच उल्लेख होतो. जुन्या एन्फिल्डचे साउथबरी रोड येथील मैदान १९९९ मध्ये विकले गेले, क्लब दुसऱ्यांच्या मैदानांवर दिवस काढू लागला आणि अखेरीस समर्थकांनी वेगळी चूल मांडली.

दुसरे उदाहरण अधिक प्रसिद्ध आहे. मे २००२ मध्ये फुटबॉल असोसिएशनने नेमलेल्या तीन सदस्यांच्या आयोगाने दोन विरुद्ध एक अशा मताने विम्बल्डन क्लबला सुमारे ९० किलोमीटरवरील मिल्टन कीन्स येथे जाण्याची परवानगी दिली. समर्थकांनी विम्बल्डनमध्ये नवा क्लब काढणे फुटबॉलच्या व्यापक हिताचे नसल्याचा शेराही आयोगाने मारला होता. दोनच दिवसांत एएफसी विम्बल्डनचा संकल्प सोडला गेला आणि जूनअखेर विम्बल्डन कॉमनच्या मोकळ्या माळावर २३० खेळाडूंनी निवड चाचणी दिली. फेब्रुवारी २००३ ते डिसेंबर २००४ या काळात हा संघ लीगचे ७८ सामने अपराजित राहिला आणि नऊ मोसमांत पाच बढत्या मिळवून २०११ मध्ये फुटबॉल लीगमध्ये पोहोचला.

मला या दोन क्लबांमधला आणि एफसी युनायटेडमधला फरक महत्त्वाचा वाटतो. एन्फिल्ड आणि विम्बल्डनच्या समर्थकांचा क्लब त्यांच्या हातून गेला होता. मँचेस्टर युनायटेड मात्र जागच्या जागी होता, जिंकतही होता, आणि तरीही काही हजार लोक उठून बाहेर पडले. त्यातल्या कित्येकांनी जुन्या संघावरचे प्रेम सोडलेले नव्हते. सोडले होते ते तिकिटाचे पैसे देणे. त्यामुळे घराघरांत, मित्रामित्रांत फूट पडली. विम्बल्डनकरांना आपण निष्ठावंत असल्याचे कोणाला पटवून द्यावे लागले नाही. यांना मात्र ते सतत पटवून द्यावे लागले.

राखीव खेळाडू

दोघांचेही आभार. एक शंका उरते. हजारो सभासदांना समान मत दिले तर प्रत्येक निर्णयावर वाद होणार नाहीत का? आणि मैदानासारखी मोठी गोष्ट अशा क्लबला कशी जमते?

मधली फळी

वाद झाले, आणि चांगलेच झाले. मैदानापासूनच सांगतो. पहिली नऊ वर्षे क्लब प्रामुख्याने ‘बरी’ नावाच्या शेजारच्या क्लबच्या गिग लेन मैदानावर भाड्याने खेळला. नोव्हेंबर २०१० मध्ये एफए कप या वरच्या-खालच्या पातळ्यांवरील क्लबांच्या बाद स्पर्धेत वरच्या लीगमधील रॉचडेलला ३-२ असे हरवले तेव्हाही घरचे मैदान म्हणावे असे काही नव्हते. (त्या सामन्यातला शेवटच्या क्षणीचा गोल गोलरक्षकाच्या हातातला चेंडू लाथेने काढून केलेला होता, नियमाने तो द्यायला नको होता, हे मान्य करायला हवे.) न्यूटन हीथ हे मँचेस्टर युनायटेडचे जन्मस्थान. तिथे मैदान बांधण्याची योजना २०११ मध्ये बारगळली आणि शेवटी मोस्टन येथील जागा मिळाली. सभासदांनी सामुदायिक समभागांद्वारे सुमारे २० लाख पौंड उभे केले. उरलेली रक्कम अनुदाने आणि कर्जे यांतून आली. २९ मे २०१५ रोजी पोर्तुगालच्या बेनफिका क्लबच्या संघाविरुद्ध सामना खेळून ब्रॉडहर्स्ट पार्क या नव्या मैदानाचे उद्घाटन झाले. तारीख मुद्दाम निवडलेली होती, कारण १९६८ मध्ये याच दिवशी मँचेस्टर युनायटेडने बेनफिकालाच हरवून युरोपियन कप जिंकला होता.

त्याच वर्षी क्लब सहाव्या पातळीवर चढला आणि खरी परीक्षा तिथे सुरू झाली. कर्जाच्या विरोधात जन्मलेला क्लब स्वतःच कर्जदार झाला होता. नोव्हेंबरमध्ये चेस्टरफिल्डविरुद्धचा एफए कपचा सामना दूरचित्रवाणीसाठी सोमवारी हलवला गेला, तेव्हा निषेध म्हणून अनेक समर्थक पूर्वार्धभर बाहेर उभे राहिले आणि मध्यंतरानंतर आत आले. आत सामना आपलाच, मैदान आपलेच, प्रक्षेपणाचे पैसेही आपल्याच क्लबला मिळणार, तरीही बाहेर उभे राहायचे. तत्त्वाची किंमत म्हणतात ती ही. २०१६ मध्ये कारभारातील पारदर्शकतेवरून सभासदांत जोरदार भांडण झाले, पहिल्यापासून धुरा वाहणारे महाव्यवस्थापक अँडी वॉल्श पायउतार झाले आणि मंडळातील अनेकांनी राजीनामे दिले. २०१७ मध्ये मार्जिन्सनही गेले आणि २०१९ मध्ये संघ पुन्हा सातव्या पातळीवर घसरला.

समान मताने भांडणे टळत नाहीत, हे तर उघडच आहे. फरक इतकाच की ही भांडणे सभेत झाली आणि ज्यांना मंडळ नको होते त्यांनी निवडणुकीने ते बदलले. क्लब विकून टाकण्याचा अधिकार कोणा एकाच्या हाती नव्हता. ज्या ‘बरी’ क्लबचे हे लोक वर्षानुवर्षे भाडेकरू होते, तो खासगी मालकीचा होता आणि आर्थिक दुरवस्थेमुळे ऑगस्ट २०१९ मध्ये त्याची फुटबॉल लीगमधून हकालपट्टी झाली. त्यानंतर गिग लेन काही काळ कुलूपबंद पडून होते आणि ब्रॉडहर्स्ट पार्कवर सातव्या पातळीचे सामने चालू होते.