विषय: अमेरिकेतली आपली रविवारची मराठी शाळा, बोलण्याचे व्हिडिओ

नमस्कार मंडळी,
माझी लेक दुसऱ्या वर्गात आहे. दर पंधरवड्याला २ मिनिटांचा बोलण्याचा व्हिडिओ पाठवायचा असतो. गेल्या शनिवारी त्यावरून घरात रडारड झाली. मी रोमन लिपीत मजकूर लिहून दिला, तिच्या बाबांनी तो फोनमागे धरला आणि ११ वेळा रेकॉर्डिंग झालं. शेवटच्या वेळी एकही चूक नव्हती, पण पोरीचा चेहरा बघवत नव्हता. त्यापेक्षा वर्गातच तोंडी घेता येणार नाही का?
– दुसऱ्या वर्गातली एक आई

ताई, नमस्कार.
व्हिडिओ पाहिला. लेकीची नजर डावीकडून उजवीकडे सरकत होती, त्यावरून ती वाचते आहे हे कळलं. वाचून दाखवायचं नाही, हे मीच आधी स्पष्ट लिहायला हवं होतं.

वर्गात ९० मिनिटं आणि १४ मुलं. त्यात धीट मुलंच बोलतात. एक मुलगा सप्टेंबरपासून ‘हो’ आणि ‘नाही’च्या पुढे गेला नव्हता. घरी मात्र तो मांजरीबद्दल ३ मिनिटं बोलला. मधेच म्हणाला, “मी तिला दूध दिला... दिलं.” ते थांबणं मी तीनदा ऐकलं. नपुंसकलिंगाचा नियम त्याला कुणी शिकवलेला नाही, त्याच्या कानालाच ते खटकलं. मजकूर लिहून दिला असता तर हे मला कधीच ऐकायला मिळालं नसतं.

आपण ॲक्टफल या अमेरिकेतल्या भाषाशिक्षकांच्या संस्थेने ठरवलेल्या पातळ्या धरतो. नोव्हिस म्हणजे नवशिक्या पातळीवरचं मूल मुख्यतः पाठ केलेले शब्द आणि वाक्यं बोलतं, इंटरमीडिएट म्हणजे मधल्या पातळीला ते स्वतःची वाक्यं जुळवू लागतं. वाचलेल्या व्हिडिओवरून मूल यातलं कुठे आहे ते ठरवणार कसं?

नुसता आवाज का नको, असंही काहींनी विचारलं होतं. इथल्या मुलांचं ‘पाणी’ बरेचदा ‘फाणी’कडे झुकतं, कारण इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचा प श्वास सोडून म्हणतात. ओठांसमोर कागदाची पातळ चिठ्ठी धरून रेकॉर्ड करा. ‘पाणी’ला ती स्थिर राहायला हवी, ‘फळ’ला हलायला हवी. मूल स्वतःच पाहतं आणि सुधारतं, मला काही सांगावंच लागत नाही. ‘ळ’चं तसं नाही, जीभ आत वळते ती कॅमेऱ्यात दिसत नाही, ते समोर बसूनच शिकवावं लागतं.

आता इतकंच करा. मजकूर नको, फक्त एखादी वस्तू किंवा प्रसंग द्या. दोनदाच रेकॉर्ड करा आणि पहिलं पाठवा. मी प्रत्येक वेळी एकच गोष्ट सुधारायला सांगेन, गुण देणार नाही. सप्टेंबरचाच प्रश्न मे महिन्यात पुन्हा विचारेन आणि दोन्ही व्हिडिओ मुलासोबत बसून पाहीन.
– वर्गशिक्षिका

मंडळी,
साठवणुकीबद्दल थोडं. मिनेसोटा विद्यापीठात सुरू झालेलं फ्लिपग्रिड हे विद्यार्थ्यांच्या व्हिडिओंचं ॲप २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतलं. पुढे त्याचं नाव फ्लिप झालं आणि जुलै २०२४ मध्ये ते स्वतंत्र ॲप म्हणून बंद झालं. म्हणून कुठल्याही एका ॲपवर विसंबू नका, मूळ फाइल स्वतःकडे ठेवा. शाळेची प्रत शाळेच्या फोल्डरमध्ये राहील, ती फक्त शिक्षिका आणि त्या मुलाचे पालक पाहतील. अमेरिकेच्या कोपा या मुलांच्या ऑनलाइन खासगीपणाच्या कायद्यानुसार ऑनलाइन सेवांना १३ वर्षांखालच्या मुलांचा चेहरा किंवा आवाज पालकांच्या संमतीशिवाय घेता येत नाही. हा कायदा व्यापारी सेवांसाठी असला तरी आपणही लेखी संमती घेऊ. आणि कृपा करून मुलांचे व्हिडिओ व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, दुसऱ्याच्या मुलाचं कौतुक करायलासुद्धा नको.
– शाळा समन्वयक

ताई,
काल लेकीने फ्रिज उघडला आणि आत काय काय आहे ते सांगितलं. केळ्याला दोनदा ‘केलं’ म्हणाली, दह्याला ‘ती दही’ म्हणाली, आणि मधेच उरलेल्या वरणाचा वास घेऊन “हे कालचं आहे, आई!” असं मलाच सुनावलं. १ मिनिट ५० सेकंद. पहिलंच रेकॉर्डिंग पाठवते आहे, काही कापलेलं नाही. ‘पाणी’ला चिठ्ठी अजून हलते.
– तीच आई