शब्दचर्चा : ‘कीलहॉर्न’ या आडनावातला खिळा आणि शिंग

जुनीपोथी
नमस्कार मंडळी. पतंजलीच्या व्याकरणमहाभाष्याच्या एका खंडाची जुनी प्रत हाती आली. संपादक अर्थातच फ्रान्झ कीलहॉर्न, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवणारे जर्मन संस्कृतपंडित. आतल्या कोऱ्या पानावर कुणीतरी शिसपेन्सिलीने लिहून ठेवलंय, ‘कील = खिळा, हॉर्न = शिंग’. लिहिणारा वाचणारा असावा, कारण अक्षर वळणदार आहे आणि पुढच्या पानांतल्या खुणाही जागच्या जागी आहेत. पण हे खरं आहे का? जर्मन आडनावात संस्कृत ‘कील’ कुठून येणार? आणि हे आडनाव तिकडे आपल्या ‘जोशीं’सारखं पैशाला पासरी आहे, की दुर्मीळ?

पेठकर
खिळा आणि शिंग! विद्यार्थ्यांना दोन्ही लागत असणार.

वेझरकाठ
मी उत्तर जर्मनीतल्या लोअर सॅक्सनीत राहते, म्हणजे हे नाव ज्या मातीतलं आहे तिथेच. आधी उच्चार. जर्मनमध्ये ‘आय’नंतर ‘ई’ हे अक्षर आलं की ते फक्त दीर्घ ‘ई’ दाखवतं, त्यामुळे ‘कील’ बरोबर. दुसऱ्या भागातला स्वर आपल्या ‘ऑ’च्या जवळचा, तोही ठीक. जुन्या संस्कृत-हिंदी छपाईत ‘कीलहार्न’ दिसतं, ते मात्र कानाला खटकतं.

आता अर्थ. आजच्या प्रमाण जर्मनचा कोश उघडलात तर ‘कील’ म्हणजे जहाजाच्या तळाचा कणा किंवा पिसाची दांडी. शाईत बुडवून लिहायचं ते पीस असतं ना, त्याची दांडी. प्राध्यापकाला शोभेल असा अर्थ आहे, पण इथे लावू नये. हे नाव उत्तरेकडच्या सखल प्रदेशाच्या बोलीतलं, प्लाटडॉइचमधलं आहे. दक्षिणेकडच्या जर्मनमध्ये जुन्या दीर्घ ‘ई’चा ‘आय’ झाला, उत्तरेच्या बोलीत तो तसाच राहिला. ‘माझा’ला प्रमाण भाषेत ‘माइन’ म्हणतात, इथली म्हातारी माणसं ‘मीन’ म्हणतात. त्याच हिशेबाने प्रमाण भाषेतला ‘काइल’ इथे ‘कील’ होतो. काइल म्हणजे पाचर.

आणि ‘हॉर्न’ म्हणजे जनावराचं शिंग खरंच, पण जमिनीच्या नावात आलं की कोपरा, टोक, पाण्यात किंवा दलदलीत घुसलेली निमुळती जमीन. इथून जवळच गिफहॉर्न नावाचं गाव आहे. आलर आणि ईझे या दोन नद्या मिळतात तिथे ते वसलंय आणि त्यातला ‘हॉर्न’ हे त्या दोन पात्रांमधलं टोक. पुण्यात मुळा-मुठा मिळतात तिथे मधली जमीन कशी निमुळती होत येते, तसं डोळ्यांसमोर आणा.

तेव्हा ‘कीलहॉर्न’ म्हणजे पाचरीसारखं टोक. एखाद्या शेताचं किंवा कुरणाचं नाव, आणि त्याच्या कडेला राहणारं घर त्याच नावाने ओळखलं जाऊ लागलं.

पेठकर
म्हणजे आमच्याकडे ‘कोपऱ्यावरचे’ म्हणतात तेच की. एका आळीत तीन कुलकर्णी असले की एक कोपऱ्यावरचे, एक पिंपळाखालचे आणि एक भांडकुदळ.

वेझरकाठ
अगदी तेच! जर्मन नामशास्त्रात हा प्रकारच वेगळा मोजतात. गाव सोडून दुसरीकडे गेलेल्याला मूळ गावाचं नाव चिकटतं, तो एक प्रकार. आपले सगळे ‘कर’ त्यात आले. गावातच राहणाऱ्याला घराजवळच्या ओढ्याचं, टेकाडाचं, झाडाचं नाव मिळतं, तो दुसरा. पहिल्या प्रकारात माणूस हललेला असतो, दुसऱ्यात बसलेला. कीलहॉर्न हे बसलेल्या माणसाचं नाव. असली नावं दुर्मीळ असतात ती याच कारणाने. ‘म्युलर’ म्हणजे दळणारा. तो गावोगाव होता, म्हणून आज ते जर्मनीतलं सगळ्यांत मोठं आडनाव. पाचरीसारखं टोक मात्र प्रत्येक गावाला असतंच असं नाही, आणि असलं तरी त्याला हेच नाव पडेल असंही नाही.

निरुक्ते
पेन्सिलवाल्या गृहस्थांच्या बाजूने आणि विरुद्ध असं दोन्ही बोलायचं आहे.

विरुद्ध आधी. संस्कृत ‘कील’ म्हणजे खुंटी, खिळा, पाचर. आपली ‘खीळ’ आणि ‘खिळा’ त्याच घरातले. जर्मन ‘काइल’चा अर्थही पाचर. ध्वनी सारखे, अर्थ सारखा, मग नातं का नको? कारण ध्वनी सारखे आहेत म्हणूनच! संस्कृत आणि जर्मन एका मूळ भाषेतून निघाल्या खऱ्या, पण जर्मनच्या वाटेवर व्यंजनं पद्धतशीर सरकली. मुळातला ‘क’ जर्मनमध्ये ‘ह’ झाला आणि मुळातला ‘ग’ ‘क’ झाला. संस्कृत जानु, जर्मन ‘क्नी’ (गुडघा). संस्कृत ज्ञा, जर्मन ‘केनन’ (ओळखणे). म्हणजे जर्मन ‘क’समोर संस्कृतात ‘ज’ किंवा ‘ग’ हवा. ‘क’समोर ‘क’ दिसला की एक तर शब्द उसना आहे किंवा योगायोग आहे. इथे योगायोग.

आता बाजूने. मूळ भाषेत एकाहून अधिक तऱ्हेचे ‘क’ होते, त्यातल्या तालव्य ‘क’चा संस्कृतात ‘श’ झाला. जर्मनमध्ये त्याचाही ‘ह’च. म्हणून संस्कृत शतम्, जर्मन ‘हुंडर्ट’. संस्कृत श्वन्, जर्मन ‘हुंड’ (कुत्रा). याच रांगेत संस्कृत शृंग आणि जर्मन ‘हॉर्न’. शृंगाचं प्राकृतातून मराठीत ‘शिंग’ झालं. तेव्हा ‘हॉर्न = शिंग’ हे नुसतं भाषांतर नाही, ते एकाच मुळाचे दोन फाटे आहेत. शृंग म्हणजे डोंगराचं शिखर, तर तिकडे आल्प्समध्ये माटरहॉर्न.

थोडक्यात, जे समीकरण डोळ्यांना पटतं ते खोटं, आणि ज्यात एकही अक्षर जुळत नाही ते खरं.

जाता जाता : हा नियम १८२२ साली नीट मांडला याकोब ग्रिमने, परीकथावाल्या भावांपैकी थोरल्याने. तो पुढे गोटिंगेन विद्यापीठात होता आणि १८३७ मध्ये राजाने संविधान मोडलं म्हणून निषेध करणाऱ्या सात प्राध्यापकांपैकी एक म्हणून नोकरीतून काढला गेला. पुणं सोडल्यावर कीलहॉर्न शिकवायला गेले ते याच गोटिंगेनला.

जुनीपोथी
निरुक्ते, फार आभार. अर्धा खिळा निखळला, शिंग राहिलं.
वेझरकाठताई, आडनावांच्या पसाऱ्याचं सांगा ना. कोणतं आडनाव कुठे किती, हे तिकडे कळतं कसं? आणि कीलहॉर्न तर ऑस्नाब्रुकचे ना? मग मूळही तिथलंच धरायचं?

वेझरकाठ
टेलिफोनच्या यादीवरून! गंमत वाटेल, पण जर्मन आडनावांचा जो मोठा नकाशासंग्रह झाला त्याचा पाया २००५ सालच्या लँडलाइन जोडण्या हा आहे. साल सोयीचं, कारण त्यानंतर घरचे फोन कमी होत गेले. जर्मनीत सुमारे साडेआठ लाख वेगवेगळी आडनावं आहेत. नकाशावर ठिपके टाकले की म्युलरने सगळा देश भरतो आणि दुर्मीळ नावाचे ठिपके एखाद्या कोपऱ्यात गोळा होतात. नाव जितकं विरळ तितका नकाशा बोलका.

कीलहॉर्नचं घर उत्तरेतच आहे, लोअर सॅक्सनीत. या नावाचे दुसरे प्रसिद्ध गृहस्थ हाइनरिश कीलहॉर्न, शाळेत मागे पडणाऱ्या मुलांसाठी १८८१ साली वेगळी शाळा काढणारे शिक्षक. ते ब्राउन्श्वाइगचे. आमचे फ्रान्झ ऑस्नाब्रुकला जन्मले, १८४० मध्ये. ऑस्नाब्रुक पश्चिमेला, ब्राउन्श्वाइग पूर्वेला, पण दोन्ही लोअर सॅक्सनीतच आणि दोन्ही प्लाटडॉइचच्या मुलखात. एका माणसाच्या जन्मगावावरून आडनावाचं गाव ठरवू नये, हे मात्र खरं.

त्याचा सगळ्यांत चांगला दाखला तुमच्या ओळखीचाच आहे : ब्यूलर.

पेठकर
आमच्याकडे बुल्हर म्हणतात. लिपिशास्त्रवाले, मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातले. त्यांचं काय?

वेझरकाठ
गेओर्ग ब्यूलर १८३७ साली जन्मले ते बोर्श्टेलला, हानोफर राज्यात निनबुर्गजवळ. वडील पाद्री. म्हणजे गाव अस्सल उत्तरेकडचं. पण ‘ब्यूल’ म्हणजे टेकाड, आणि हा शब्द दक्षिणेचा : बाडेन, व्युर्टेम्बर्ग, स्वित्झर्लंड. इथे उत्तरेत टेकाडाला ‘ब्रिंक’ वगैरे म्हणतात, म्हणून टेकाडावरचा माणूस इथे ‘ब्रिंकमान’ होतो. ब्यूलर हे नाव उत्तरेतल्या घराच्या दारावर दिसलं की समजायचं, कधीतरी कुणीतरी दक्षिणेतून चालत आलंय. आणि शेवट पाहा, १८९८ मध्ये ते बुडाले ते बोडनझे सरोवरात, ब्यूलर नावाच्या माहेरघरीच.

उलट मार्टिन हौग. पुण्यात कीलहॉर्नच्या आधी संस्कृत शिकवायला तेच होते. ते दक्षिणेतल्या श्वाबेन भागातले, ओस्टडॉर्फचे. ‘हौग’ हे ‘हूग’ या जुन्या व्यक्तिनामाचं तिकडचं रूप. तो माणूस आणि त्याचं नाव एकाच गावचे.

कृष्णाकाठी
मध्येच एक शंका. टेलिफोनची यादी २००५ची. दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्वेकडून लाखो जर्मन हाकलले गेले, ते जागा मिळेल तिथे वसले. मग ठिपके जुन्या मुळाचे की निर्वासितांच्या छावण्यांचे?

वेझरकाठ
रास्त शंका. सिलेशिया आणि पूर्व प्रशियातल्या नावांना हा नकाशा फसवतोच. ती नावं देशभर विखुरलेली दिसतात आणि खरा मूळ भाग आज पोलंडमध्ये किंवा रशियात असतो. अशा वेळी जुने कागद लागतात : चर्चच्या नोंदवह्या, करांच्या याद्या. कीलहॉर्नसारख्या नावाला त्याचा फारसा त्रास नाही, कारण घर पश्चिमेतच आहे.

दुसरी भानगड लेखनाची. जन्म-मृत्यूची सरकारी नोंद संपूर्ण जर्मन साम्राज्यात १८७६पासून सुरू झाली आणि आडनावांचं स्पेलिंग तिथे गोठलं. त्याआधी पाद्रीबुवा कानाला लागेल तसं लिहीत. एकाच घराण्यातल्या भावांची तीन लेखनं सापडतात.

आणि तिसरी भानगड मला सगळ्यांत आवडते. ऑस्नाब्रुकच्या आसपास, वेस्टफालियात आडनाव माणसाचं नसायचंच, शेतवाडीचं असायचं. वाडीच्या मुलीशी लग्न करून जो तिथे नांदायला गेला तो त्या वाडीचं नाव घ्यायचा. जुन्या नावापुढे हे नवं नाव ‘उर्फ’सारखं लटकायचं, त्यासाठी ‘गेनान्ट’ असा शब्द आहे, म्हणजे ‘म्हटला जाणारा’. एका बापाची दोन मुलं दोन वाड्यांवर गेली तर दोन आडनावांची. सरकारी नियमांनी हे एकोणिसाव्या शतकात बंद होत गेलं. वंशावळी काढणारे इथे डोकं धरून बसतात.

पेठकर
म्हणजे घरजावयाची अधिकृत नोंद. आमच्याकडे नोंद नसते, फक्त टोमणे असतात.

कृष्णाकाठी
मग ‘आपल्याकडे कर म्हणजे गाव’ हेही जरा जपूनच. कीलहॉर्न १८८१मध्ये डेक्कन कॉलेज सोडून गेले आणि त्यांच्या जागी आले ते रामकृष्ण गोपाळ भांडारकर. शेवटी ‘कर’, पण भांडार म्हणजे खजिना, गाव नव्हे. एखाद्या जर्मनाने नकाशा घेऊन ‘भांडार’ गाव शोधलं तर जन्मभर हिंडेल.

निरुक्ते
हा विषय निघालाच आहे तर आणखी एक ‘हॉर्न’ सांगतो. जर्मनमध्ये ‘फरबालहॉर्नन’ असं क्रियापद आहे. अर्थ : सुधारायला जाऊन बिघडवणे. शब्दाची मोडतोड करून भलतंच रूप करणे, यालाही हेच वापरतात. ल्युबेक शहरात सोळाव्या शतकात योहान बालहॉर्न नावाचा मुद्रक होता. १५८६ साली त्याने शहराच्या कायद्याची ‘सुधारून वाढवलेली’ आवृत्ती छापली आणि तीत चुका निघाल्या. चुका संपादन करणाऱ्यांच्या होत्या, पण मुखपृष्ठावर नाव मुद्रकाचं. लोकांनी त्याचंच क्रियापद केलं. चार शतकं झाली, अजून सुटका नाही.

मला यात नियतीची थट्टा दिसते. बालहॉर्न हेही उत्तरेकडचंच नाव. एका ‘हॉर्न’चं नाव पाठ बिघडवण्याला मिळालं आणि दुसऱ्या ‘हॉर्न’ने हस्तलिखितं ताडून ताडून पतंजलीचा पाठ असा लावला की शंभर वर्षांनंतरही अभ्यासक त्याच्याच पानाचे आकडे देतात. आपल्याकडे मात्र ‘कीलहॉर्न’चं क्रियापद झालं नाही. व्हायला हवं होतं.

जुनीपोथी
‘हा मजकूर जरा कीलहॉर्नून घ्या’, असं?

निरुक्ते
तसंच. पण मग दोनशे पानांना तीन वर्षं लागतील.

जुनीपोथी
एक शेवटचं विचारतो. कोऱ्या पानावर तो ‘कील = खिळा’ आहे, त्याचं काय करू? खोडरबर हातात आहे.

पेठकर
खबरदार. पाठभेद आहे तो. वर ‘पाचर’ लिहा आणि ‘खिळा’ तळटीपेत ठेवा. कीलहॉर्नच्या प्रतीत खोडाखोड करता?