अनुभव धागा : आपल्याजवळचं ज्ञान ऑनलाइन का सांगावंसं वाटतं?

पैसा मिळत नाही, ओळख नाही, तरी रात्री जेवणं झाल्यावर माणसं परक्याला केळीवरचा रोग समजावत बसतात. कशामुळे? जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या मंडळींनी आपापला अनुभव लिहावा.

रावेरहून : आमच्या केळीच्या ग्रुपवर रोज पानांचे फोटो येतात. पानावर पिवळे पट्टे दिसले की मी आधी विचारतो, शेजारी काकडी-भोपळ्याचे वेल आहेत का? हरण्या, म्हणजे सीएमव्ही हा विषाणूचा रोग, मावा ही बारीक कीड पसरवते आणि तो विषाणू त्या वेलांवरही राहतो. रोगट झाड फवारणीने बरं होत नाही, उपटून नष्टच करावं लागतं. वाढतं झाड उपटा, हे सांगताना जीव तुटतो. यावलकडच्या एका पोराने ऐकलं, आणि पुढे स्वतःहून बागेचा फोटो टाकून लिहिलं, "भाऊ, तुन्हं सांगनं कामले उनं." (तुझं सांगणं कामी आलं.) हात जोडलेली चित्रं खूप येतात, पण पुढे काय झालं हे सांगायला क्वचितच कुणी परततं. त्या एका फोटोच्या बळावर मी अजून लिहितोय.

भुसावळहून : सासूबाईंच्या बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, व्हिडिओ टाकला. त्यांचं सगळं माप अंदाजाने. खाली बायकांनी विचारलं, ज्वारी किती दिवस भिजवायची, पीठ शिजलं हे कसं ओळखायचं? मग सासूबाईंनी पहिल्यांदा वाटीने मोजून दाखवलं. कुणी नेमकं विचारलं की सांगणाऱ्याला हुरूप येतो.

अमळनेरहून : 2024 चं साहित्य संमेलन आमच्या गावी भरलं, तेव्हा मराठी विकिपीडियावर गावाबद्दल लिहायला लागलो. साने गुरुजी इथे प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, हे संदर्भासकट घातलं. माझं शुद्धलेखन कुणीतरी न बोलता नीट करून ठेवलं. तसा सांभाळून घेणारा भेटला म्हणून टिकलो.

धुळ्याहून : माझा अनुभव उलटा आहे. एका ग्रुपवर कापसावरच्या गुलाबी बोंडअळीबद्दल अहिराणीत लिहिलं, तर लोक भाषेलाच हसले. मी सांगितलेल्या कामगंध सापळ्यांबद्दल (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे सापळे) कुणी बोललंच नाही. मी लिहिणं थांबवलं. ॲडमिनने तेव्हा एक शब्द टाकला असता तर थांबलो नसतो.

धागा सुरू करणारा : धुळ्याचे दादा, इथे अहिराणीतच लिहा, सापळे एकरी किती आणि कधी लावता तेही. रावेरचे भाऊ, थंडीत केळीला चरका बसू नये, म्हणजे गारठ्याने इजा होऊ नये, म्हणून तुमच्याकडे काय करतात?